मॉल तेव्हा आणि आत्ता: गूगल अर्थ प्रो आणि स्ट्रीट व्ह्यूचा रिव्ह्यू

एखादा मॉल बंद पडून पाडला गेला की सुरुवातीला सगळे हळहळतात आणि मग थोड्याच दिवसांत वाद सुरू होतात, की मेन गेट ह्या बाजूला होतं का त्या बाजूला, सिनेमा पहिल्यापासून होता का नंतर आला, मागचं पार्किंग कधी वाढवलं वगैरे. जो तो आपल्या आठवणीवर ठाम. हे वाद मिटवणारी सोय फुकट आहे, कित्येकांच्या कॉम्प्युटरमध्ये ती ऑलरेडी पडून असते, आणि तरी फार कमी लोक ती वापरतात. म्हणून हा रिव्ह्यू. मी बोलतोय ते गूगल अर्थ प्रो, म्हणजे उपग्रहातून आणि विमानातून काढलेल्या फोटोंनी जग वरून दाखवणारं गूगलचं सॉफ्टवेअर, त्यातल्या जुन्या फोटोंच्या घड्याळाबद्दल आणि त्याच्या जोडीला स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे गूगलने रस्त्यावरून काढलेल्या फोटोंमध्ये, मिळणाऱ्या जुन्या तारखांबद्दल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एखादा मॉल कसा उभा राहिला, कसा चालला आणि कधीपासून उतरणीला लागला हे यातून जितकं खरं कळतं तितकं दुसरीकडे कुठेच कळत नाही, कारण छत आणि पार्किंग कोणी जाहिरातीसाठी सजवत नाही. पण फोटो वाचता आले पाहिजेत, नाहीतर साफ उलटा अर्थ निघतो. आणि मॉलच्या आतलं यात काहीच मिळत नाही, त्याबद्दल शेवटी लिहितो.

आधी थोडं प्रॉडक्टबद्दल. गूगल अर्थ २००५ मध्ये आलं, त्याच्या आधी हेच सॉफ्टवेअर कीहोल नावाच्या कंपनीचं होतं आणि ती कंपनी गूगलने २००४ मध्ये विकत घेतली. जुने फोटो बघायची सोय मात्र २००९ मध्ये पाचव्या व्हर्जनपासून मिळाली. प्रो व्हर्जनला पूर्वी वर्षाला ३९९ डॉलर पडायचे, २०१५ पासून ते सगळ्यांसाठी फुकट केलंय, त्यामुळे डाउनलोड करताना साधं सोडून प्रोच घ्या. वरच्या पट्टीत घड्याळाचं चिन्ह दिसेल, ते दाबलं की डावीकडे वर एक स्लायडर येतो, त्यावर ज्या ज्या तारखेचे फोटो आहेत तिथे बारीक उभ्या रेघा असतात. बस, एवढंच शिकायचंय. मॉलवर झूम करायचं, स्लायडर अगदी डावीकडे न्यायचा आणि मग एकेक रेघ पुढे सरकत यायचं.

पहिल्यांदा बघणाऱ्याला जी गोष्ट एकदम धरून ठेवते ती म्हणजे मॉलच्या आधीची जमीन. शेत असतं, कारखाना असतो, कुठे नुसतं माळरान. आणि त्यावर रस्त्यांची नावं मात्र आजची! कारण फोटो जुना झाला तरी रस्ते आणि नावांचा लेयर आजचाच राहतो, त्यामुळे नांगरलेल्या शेतातून आरपार एक पिवळी रेघ जाते आणि तिच्यावर आजच्या चौपदरी रस्त्याचं नाव लिहिलेलं असतं. डावीकडच्या यादीतून तो लेयर बंद करता येतो, पण मी सांगेन की आधी चालू ठेवूनच बघा, आजचा चौक त्या शेतात नेमका कुठे येतो ते त्याशिवाय कळत नाही, आणि नंतर बंद करून बघा म्हणजे फोटो स्वच्छ दिसतो.

आता किती मागे जाता येतं, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. ते जागेवर अवलंबून आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच भागांचे १९९० च्या दशकातले ब्लॅक अँड व्हाइट फोटो मिळतात, ते विमानातून काढलेले आहेत. युरोपातल्या लंडन, बर्लिन, वॉर्सा, पॅरिससारख्या काही शहरांचे तर १९३०-४० च्या दशकांतलेसुद्धा आहेत. बाकी जगात बहुतेक ठिकाणी स्पष्ट फोटो २००० नंतरच सुरू होतात आणि त्याला साधं कारण आहे, एक मीटरपर्यंतचं बारीक दिसेल असा पहिला खासगी उपग्रह, आयकोनॉस, सप्टेंबर १९९९ मध्ये वर गेला. त्याच्या आधीचे रंगीत फोटो दिसतात ते लँडसॅट या अमेरिकी सरकारच्या उपग्रहांचे आणि त्यात एक ठिपका म्हणजे तीस मीटर. तीनशे मीटर लांबीचा अवाढव्य मॉल त्यात जेमतेम दहा ठिपक्यांत संपतो. स्लायडर १९८५ ला नेऊन "काहीच दिसत नाही, बकवास आहे" असं म्हणणारे खूप भेटतात, त्यांना हे सांगायला पाहिजे की तो दोष सॉफ्टवेअरचा नाही, तेव्हा तेवढंच दिसायचं.

त्या जुन्या पुसट फोटोंचा उपयोग वेगळा आहे. टाइमलॅप्स नावाचा जो भाग आहे, २०२१ मध्ये गूगल अर्थमध्येच घातलेला, तो १९८४ पासून दरवर्षीचं एक चित्र दाखवतो, आणि ते चित्र वर्षभरातल्या अनेक फोटोंतून ढग वगैरे काढून बनवलेलं असतं. मॉल त्यात बघायला जाऊ नका, मॉलच्या आजूबाजूचं शहर बघा. आधी मॉल आला का आधी वस्ती आली, हे त्यात काही सेकंदांत कळतं. दुबई मॉलच्या भागात हे लावून बघा, वाळू, वाळू, वाळू आणि मग एकदम सगळंच. शेजारच्या बुर्ज खलिफाचं काम २००४ मध्ये सुरू झालं आणि मॉल नोव्हेंबर २००८ मध्ये उघडला, म्हणजे हा सगळा बदल स्लायडरच्या एवढ्याशा तुकड्यात बसतो.

आता मुख्य मुद्दा, पार्किंग. मॉलचं आयुष्य पार्किंगवर लिहिलेलं असतं हे खरंय, गाड्या मोजून दुकानांचा धंदा कसा चाललाय याचा अंदाज गुंतवणूकवाले लोकही उपग्रहाच्या फोटोंवरून घेतात. पण इथेच बहुतेक जण फसतात. फोटो काढणारे बरेचसे उपग्रह अशा कक्षेत फिरतात की प्रत्येक ठिकाणावरून ते तिथल्या साधारण एकाच वेळेला जातात, आणि ही वेळ बऱ्याचदा सकाळी साडेदहाच्या आसपासची असते. साडेदहाला मॉलमध्ये कोण असतं? शटर वर जात असतात. त्यामुळे रविवारी संध्याकाळी जिथे गाडी लावायला जागा मिळत नाही तो मॉलसुद्धा वरून ओसाड दिसतो, आणि मग "बघा २०१२ लाच मेला होता" असं ठोकून दिलं जातं. असं करू नका. आधी सावल्या बघा. उत्तर गोलार्धात विजेच्या खांबांची सावली वायव्येकडे पडली असेल तर फोटो सकाळचा आहे. शिवाय खाली कोपऱ्यात फोटोची तारीख येते, ती कॅलेंडरवर टाकून वार कुठला होता ते काढा. मंगळवारी सकाळचा फोटो आणि शनिवारी दुपारचा फोटो शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ नाही.

मग काय बघायचं? गाड्यांपेक्षा जमीन बघा. चालू मॉलच्या पार्किंगमधल्या पांढऱ्या रेघा दर काही वर्षांनी परत ठळक होतात, म्हणजे कोणीतरी रंग मारतंय, पैसे खर्च करतंय. ज्या वर्षापासून त्या रेघा नुसत्या फिकट होत जातात आणि परत ठळक होत नाहीत, तिथपासून मालकाने हात आखडता घेतलाय असं समजायला हरकत नाही. त्याच्या पुढच्या फोटोंमध्ये डांबराच्या भेगांतून हिरव्या रेघा यायला लागतात, आधी कडेच्या दुभाजकाजवळ, मग मध्ये. आणि हे सगळीकडे एकदम होत नाही! मॉलची रचना बहुतेक वेळा अशी असते की दोन टोकांना दोन मोठी दुकानं आणि मधल्या लांब गल्लीत बाकीची छोटी, लोक एका मोठ्या दुकानातून दुसऱ्याकडे जाताना मधली दुकानं बघत जातात. वरून ते ठोकळे अगदी स्पष्ट ओळखू येतात. त्यातलं एक मोठं दुकान बंद झालं की त्याच्या बाजूचं पार्किंग आधी हिरवं व्हायला लागतं, दुसऱ्या बाजूला अजून गाड्या असतात. त्यानंतर छतावर ठिगळं दिसायला लागतात, एसीच्या यंत्रांपैकी काही गायब होतात. हे एकेक करत बघत गेलं की पेपरात "मॉल अचानक बंद" अशी बातमी आलेली असली तरी अचानक काही झालं नव्हतं हे आपल्याच डोळ्यांनी दिसतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बघायचं असेल तर अमेरिकेत ओहायो राज्यात दोन मॉल आहेत, म्हणजे होते. ॲक्रनचा रोलिंग एकर्स १९७५ चा आणि क्लीव्हलँडजवळचा रँडल पार्क १९७६ चा. रँडल पार्क उघडला तेव्हा जगातला सगळ्यात मोठा मॉल म्हणून त्याचा गाजावाजा झाला होता. रोलिंग एकर्स २००८ मध्ये बंद झाला, रँडल पार्क २००९ मध्ये. रोलिंग एकर्सच्या काचेच्या छताला भोकं पडून आत गल्लीत बर्फ साचल्याचे फोटो तेव्हा जगभर फिरले होते, तुम्हीही बघितले असतील. स्लायडर पुढे नेत रहा. आधी पूर्ण इमारत, मग तुकडे तुकडे पाडलेली, मग नुसती माती, आणि मग त्या मातीवर एक प्रचंड सपाट पांढरं चौकोनी छत, ज्याच्या कडेला ट्रकच्या रांगा लागलेल्या. दोन्ही ठिकाणी ॲमेझॉनची गोडाऊनं आहेत, रँडल पार्कच्या जागी २०१८ पासून आणि रोलिंग एकर्सच्या जागी २०२० पासून. जुन्या मॉलचं छत वरून बघा, त्याला कोपरे आहेत, काचेचे पट्टे आहेत, दहा ठिकाणी आत शिरायची दारं आहेत, चहूबाजूंनी माणसांनी यावं म्हणून ते बांधलेलं दिसतं. नव्या छताला दारं आहेत ती ट्रकसाठी. मला हे दोन फोटो शेजारी ठेवून बघताना खरंच वाईट वाटतं, जरी घरबसल्या खरेदी मीही करत असलो तरी.

पण प्रत्येक मॉलची गोष्ट अशी संपत नाही आणि त्यासाठी साउथडेल बघाच. मिनेसोटा राज्यात, एडाइना गावात, ८ ऑक्टोबर १९५६ ला उघडलेला. पूर्ण बंदिस्त आणि आतलं हवामान कायम सारखं ठेवणारा असा हा पहिला मॉल, आजचे सगळे मॉल याच्याच वंशातले. तो व्हिक्टर ग्रुएन नावाच्या आर्किटेक्टने केला, हा माणूस व्हिएन्नाचा, नाझी आल्यावर १९३८ मध्ये देश सोडून अमेरिकेत आलेला. त्याच्या मनात नुसती दुकानं नव्हती, त्याच्या आराखड्यात मॉलच्या भोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग असं एक अख्खं गावच होतं, माणसांनी चालत यावं असं. प्रत्यक्षात भोवती झालं पार्किंग. जुन्या फोटोत बघा, मध्ये इमारत आणि चारी बाजूंनी नुसतं डांबर. नंतरच्या काळात ग्रुएन स्वतःच मॉल या प्रकाराला नावं ठेवायला लागला होता. आणि आता स्लायडर २०१० च्या पुढे आणा, त्याच डांबराच्या कोपऱ्यात अपार्टमेंट्स उभी राहिलेली दिसतील, आणि जिथे जेसीपेनीचं मोठं दुकान होतं तिथे आता मोठी जिम आहे. म्हणजे घरं आली, पण पन्नास-साठ वर्षांनी, दुकानं कमी व्हायला लागल्यावर. ग्रुएन १९८० मध्ये गेला, त्याला हे बघायला मिळालं नाही. असं काही तुमच्या जवळच्या मॉलच्या पार्किंगमध्ये होतंय का ते तपासून बघा, मोकळी जागा आधी कुठल्या कोपऱ्यातून भरायला लागली यावरून मालकाचा पुढचा विचार बऱ्यापैकी कळतो.

आता स्ट्रीट व्ह्यू. हे २००७ मध्ये अमेरिकेतल्या पाच शहरांत सुरू झालं, जुन्या तारखा बघायची सोय २०१४ मध्ये आली आणि मोबाइलवर २०२२ मध्ये. मॉलसमोरच्या रस्त्यावर स्ट्रीट व्ह्यू उघडा, वर डावीकडच्या चौकटीत जास्त तारखा बघा असा पर्याय येतो, तो दाबला की खाली जुन्या फोटोंची पट्टी येते. वरून जे दिसत नाही ते इथे दिसतं, म्हणजे पाट्या. कुठलं दुकान कधी गेलं आणि त्याजागी काय आलं हे इथेच कळतं. दुकानाची पाटी काढली तरी तिच्या मागची भिंत कमी मळलेली असते, कमी उन्हात गेलेली असते, त्यामुळे अक्षरांची फिकट आकृती भिंतीवर वर्षानुवर्षं राहते. पूर्ण झूम करून बघा, पाटी नसतानाही दुकानाचं नाव वाचता येतं. कधी त्याच्यावर नव्या दुकानाची छोटी पाटी लावलेली असते आणि जुनं नाव तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत असतं. मला या सगळ्या उद्योगात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे.

त्रुटीही आहेत. स्ट्रीट व्ह्यूची गाडी बहुतेक सार्वजनिक रस्त्यावरूनच जाते, मॉलच्या आवारात ती शिरलीच असेल असं नाही, त्यामुळे आत खोलवर असलेल्या मॉलचा फक्त कंपाउंड आणि झाडं दिसतात. सुरुवातीच्या वर्षांचे फोटो इतके धुरकट आहेत की पाटीचा रंग कळतो, अक्षरं नाही. चेहरे आणि नंबरप्लेट धूसर केलेल्या असतात, ते बरोबरच आहे, पण कधीकधी पाटीवरचा मॉडेलचा चेहराही धूसर होतो. आणि भारतात स्ट्रीट व्ह्यू रीतसर सुरूच झालं २०२२ मध्ये, त्यामुळे इथे फार जुन्या तारखांची अपेक्षा ठेवू नका. इथे वरच्या फोटोंवरच भिस्त ठेवावी लागते.

वरच्या फोटोंचीही एक अडचण सांगतो, दोन तारखांचे फोटो एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. मॉल काही मीटर इकडे तिकडे सरकल्यासारखा वाटतो आणि फोटो तिरका काढलेला असेल तर इमारतीच्या भिंती एका बाजूला कललेल्या दिसतात. "भिंत पुढे वाढवलीय" असं वाटतं आणि ती वाढवलेली नसते. म्हणून मोजायचं असेल तर छताच्या कोपऱ्यावरून नाही, जमिनीवरच्या एखाद्या न हलणाऱ्या गोष्टीवरून मोजा, जुना चौक किंवा रेल्वे रूळ चांगला. अर्थ प्रो मध्ये मोजपट्टी आहेच.

ज्यांना डाउनलोड करायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी, २०२४ पासून जुने फोटो ब्राउझरमध्ये आणि मोबाइल ॲपवरही दिसतात. चालून जातं, चटकन कोणाला दाखवायला मोबाइल बरा. पण बारकाईने बघायचं असेल तर मोठी स्क्रीन आणि प्रोच. प्रो मधून फोटो चांगल्या मोठ्या आकारात सेव्ह करता येतो, त्यावर तारीख दिसेल अशी ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही की हा कुठल्या वर्षाचा. अमेरिकेतल्या जागांसाठी हिस्टॉरिक एरियल्स नावाची साइट आहे, तिथे बरेच मागचे फोटो मिळतात पण त्यावर आडवा शिक्का असतो. ब्रिटनसाठी नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची साइट उत्तम, जुना नकाशा आणि आजचा फोटो शेजारी शेजारी एकत्र हलतात, असं प्रत्येक देशाने करायला हवं.

राहिलं ते आतलं. कारंजं कुठे होतं, सरकता जिना कुठल्या बाजूला वर जायचा, दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात कोणतं दुकान होतं, यातलं काही वरून दिसत नाही आणि रस्त्यावरूनही नाही. लोकांना खरी आठवण तर याचीच येते. त्यासाठी माझा भरवसा वेबॅक मशीनवर आहे. ते चालवणारी इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबसाइट्स साठवतेय आणि २००१ पासून त्या सगळ्यांना बघता येतात. मॉलचा जुना वेब पत्ता तिथे टाका, कॅलेंडरमधून वर्ष निवडा आणि दुकानांच्या यादीचं पान शोधा. फोटो बहुतेक वेळा गेलेले असतात, चौकट रिकामी दिसते, पण यादी आणि दुकानांचे नंबर टिकतात, आणि नशीब असेल तर मजल्यांचा नकाशा वेगळ्या फाइलमध्ये मिळतो. तो नकाशा आणि त्याच वर्षाचा वरचा फोटो शेजारी ठेवला की छतावरच्या काचेच्या पट्ट्याखाली मधली गल्ली होती हे जुळतं आणि मग कुठलं दुकान कुठे होतं ते बोटाने दाखवता येतं.

अडचण एवढीच की हल्लीच्या बऱ्याच मॉलच्या साइट्सवर यादी क्लिक केल्यावर लोड होते, आणि अशी पानं आर्काइव्हमध्ये बऱ्याचदा अर्धवट उतरतात. तेव्हा तुमचा मॉल चालू असेल तर वेबॅक मशीनवर पान साठवायची जी चौकट आहे तिच्यात त्या यादीचा पत्ता आजच टाका, साठवलेलं पान एकदा उघडून बघा, आणि यादी आली नसेल तर स्क्रीनशॉट काढून फाइलच्या नावात तारीख आणि मजला लिहून ठेवा.